मेरेरिदच्या सामानाचा विमा

पेनराल्त
१२ सप्टेंबर, रविवार

मेरेरिद, पोरी,

गुरुवारी तुझा निरोप फोनवर आला. "घरच्या विम्यात माझं इथलं सामान धरतात का? विचारून सांगा." एवढाच. महिनाभरानंतर आलेली ती एक ओळ मी शाळेची बस चौकात उभी करून वाचली आणि मागची पोरं ओरडायला लागली तेव्हा कुठे गाडी पुढे घेतली. फोनवर बोटांनी उत्तर लिहिणं मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि फोन केला तर तू उचलणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र.

शुक्रवारी दुपारी आपल्या विमा कंपनीला फोन लावला. डेलिथ नावाची बाई होती. आवाजावरून तिशीची असावी, बोलायला गोड.

"मुलगी कुठे राहते?"

"मँचेस्टरला. शिकायला आहे."

"वसतिगृहात?"

"गेल्या वर्षी होती. आता पाचजणींनी मिळून भाड्याचं घर घेतलंय."

मग तिने समजावून सांगितलं. गेल्या वर्षी तुझ्या वसतिगृहाच्या भाड्यातच सामानाचा विमा धरलेला होता, म्हणून आपल्याला कधी त्याचा विचार करावा लागला नाही. भाड्याच्या घराचं तसं नसतं. घरमालकाचा विमा भिंतींचा आणि छपराचा; आतल्या पोरींच्या सामानाशी त्याला देणंघेणं नाही. आपल्या घरच्या पॉलिसीत तुझं सामान बसतं, पण अगदी जेमतेम, आणि तेही दार फोडून चोरी झाली तरच. सायकल तर मुळीच नाही. ती म्हणाली, विद्यार्थ्यांसाठी वेगळी पॉलिसी मिळते, तीच घ्या.

मग जाता जाता तिने विचारलं, "मिस्टर प्रिचर्ड, तुमच्या स्वतःच्या बाहेरच्या दाराला कुठलं कुलूप आहे? आमच्या कागदावर ती जागा कोरी दिसतेय."

"कुलूप आहे. किल्ली नाही."

"हरवली का?"

"बाई, आम्ही लग्न करून या घरात आलो तेव्हाही नव्हती."

"मग बाहेर जाताना काय करता?"

"दार ओढून घेतो. नाहीतर वाऱ्याने आपटतं."

 मग हळूच म्हणाली, "हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत, असं समजू का?"

"सांगितलं की आत्ता."

ती हसली. म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं फोन करतात तेव्हा माझा दिवस बरा जातो. पण आता मला हे लिहावं लागणार."

तर बावीस वर्षं आपण चोरीचा विमा भरत आलो आणि चोरी झाली असती तर छदामही मिळाला नसता. तुझी आई असती तर आठवडाभर हसली असती.

आईच्या हार्पबद्दल, त्या माणसाएवढ्या तारवाद्याबद्दल, मी या पत्रात काही लिहीत नाही. ती बसायच्या खोलीत खिडकीशी आहे. जागेवरून हलवलेली नाही.

तुझ्या खोलीच्या दाराला कुलूप आहे का, ते कळव. पॉलिसीवाले तेच आधी विचारतील.

बाबा


पेनराल्त
१९ सप्टेंबर, रविवार

मेरेरिद,

"कुलूप नाही. इथे कोणी लावत नाही. मैत्रिणी आहेत." हे तुझं उत्तर वाचलं आणि कुणाला बोल लावावा तेच कळेना. किल्ली न पाहिलेल्या घरात वाढलेली पोर तू. तुला दाराला कडी घालायला मीच कधी शिकवलं नाही.

पण ऐक. पाचजणी राहतात त्या घरात बाहेरचं दार सगळ्यांचं असतं. तुझ्या चार मैत्रिणींच्या मागून कोण आत येतं आणि कोण दार उघडं टाकून जातं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. म्हणून अशा घरात प्रत्येकीच्या खोलीच्या दाराला स्वतःचं कुलूप असावं आणि चोरी झाली तर ते फोडल्याची खूण असावी, अशी अट तिन्ही कंपन्यांनी घातली आहे. हो, तीन कंपन्यांचे कागद मागवले. पोस्टाने आले. तुझा बाप संगणकावर बसून पॉलिसी घेणारा नव्हे.

हे प्रकरण आज चॅपलमागच्या खोलीत चहाच्या वेळी निघालं. मीच काढलं, आणि पस्तावलो. तुदुर गालिच्यांच्या दुकानातून फुरसत मिळाली की चॅपलचा कारभार पाहतो आणि चॅपलमधून फुरसत मिळाली की सगळ्यांचा, हे तुला माहीत आहेच. तो म्हणाला, "इद्वल, तू खरं सांगितलंस? विमावाल्यांना?"

"विचारलं तर काय करू?"

"अरे, आपल्या सगळ्यांचा विमा त्याच एजंटाने उतरवलाय! तुझ्यामागून आता ते मला विचारतील."

"मग तुझी किल्ली कुठाय?"

"बायकोला विचारावं लागेल."

काइनवेन मावशी कोपऱ्यात मनुक्यांचा पाव कापत होती. वय ऐंशीच्या पुढे, कान मात्र मांजराचे. "माझी किल्ली आहे," म्हणाली. "दाराबाहेर कुंडीखाली."

"मावशी, मग कुलूप कशाला लावायचं?"

"लावते कोण? पाहुणे आले तर किल्ली सापडावी म्हणून ठेवलीय."

पाद्रीसाहेब हसता हसता खुर्चीतून घसरायचे राहिले. मग कुणीतरी म्हणालं, चॅपलच्या दाराची तरी किल्ली आहे का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण चॅपल उघडतो मी. मी पावाचा आणखी एक तुकडा उचलला. उघडायला चॅपल आधी बंद लागतं.

शेवटी तुदुरने अकरा कुलपं एकदम मागवायचं ठरवलं. सवलत मिळेल म्हणाला.

आता तुझं. तीन पॉलिसींपैकी पहिली स्वस्त आहे, पण वस्तू गेली तर तिची आज जी किंमत असेल तेवढीच देते. तीन वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची आजची किंमत म्हणजे एक चांगला कोट. दुसरी जुन्याच्या बदल्यात नवं देते. तिसरीही नवं देते, सायकलही धरते, पण दर वेळी नुकसानीचा पहिला मोठा वाटा आपल्यालाच सोसायला लावते. मला दुसरी बरी वाटते, सायकल तिच्यात वेगळी लिहून. मौल्यवान वस्तू असेल तर तीही नावानिशी वेगळी लिहावी लागते, नाहीतर ती नाहीच असं धरतात. लिहायच्या वस्तूंत वाद्यंही आहेत.

हे मी तुला फक्त कागदावर काय आहे म्हणून सांगतोय.

तुझ्या सामानाची यादी करून पाठव. सगळं लिही. लोक टेबलावरचं लिहितात आणि अंगावरचं विसरतात, असं डेलिथबाई म्हणाली. थंडीचा कोट लिही. बूट लिही.

खोलीला कुलूप बसवून घे. मालक नाही म्हणाला तर मला सांग.

बाबा


पेनराल्त
३ ऑक्टोबर, रविवार

मेरेरिद,

तुझी यादी मिळाली. वहीचं पान फाडून लिहिलेली, चौदा वस्तू. अक्षर आईचं घेतलंस. 'वाय'चं वळण घेऊन खाली उतरणारं ते शेपूट तिचंच. लॅपटॉप, सायकल, दोन चष्मे, किटली, कोट, बूट, नकाशांची पुस्तकं. किटलीपुढे तू "पण ती जुनी आहे" असं लिहिलंस. विमावाल्यांना ते सांगायची गरज नाही, पण लिहिलंस ते मला आवडलं.

यादीत हार्प नाही. असणार कशी? ती तुझ्याकडे नाही. तरी मी पान उलटून मागे पाहिलं.

तुझ्यासाठी अर्ज भरायला बसलो, म्हणजे तू फक्त सही करायची. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय की जे तुम्हाला ठाऊक आहे आणि ज्याने आमचा निर्णय बदलू शकतो, ते सगळं सांगा. विचारलं नाही तरी सांगा. लपवलंत आणि पुढे उघड झालं, तर पॉलिसी पहिल्या दिवसापासूनच नव्हती असं धरलं जाईल.

हे वाचून मी पेन खाली ठेवलं. बाहेर मेंढ्या ओढ्याकडे उतरत होत्या. चॅपलमध्ये इतकी वर्षं गुडघे टेकले, पण कुठल्या प्रार्थनेने मला असं पकडलं नव्हतं जसं त्या छापील कागदाने पकडलं.

आता सांगतो. तू वाच, मग हवं तर फाड.

मे महिन्यात, सोमवारी, नर्स मला दाराबाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "मुलीला बोलवा." तिने तारीख सांगितली नाही, पण तोंडावरून कळत होतं. तुझी परीक्षा गुरुवारी संपणार होती. मी म्हटलं, गुरुवारी बोलावतो. मंगळवारी तुझ्या आईने विचारलं, "मेरेरिद कधी येणार?" मी म्हटलं, परीक्षा झाली की. दुपारी तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं." बुधवारी सकाळी ती गेली.

तुला मी सांगितलं की अचानक झालं, कुणालाच कल्पना नव्हती. ते खोटं होतं. मला कल्पना होती. परीक्षेचं कारण मी सगळ्यांना सांगत राहिलो, स्वतःलाही. खरं इतकंच की तुला बोलावलं असतं तर ती जाणार हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं. फोन मी सोमवारी दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला.

आणि ऑगस्टमध्ये तू हार्प मँचेस्टरला नेऊ का म्हणालीस तेव्हा मी तुला जे बोललो ते तुला पाठ असेल. "शेवटच्या दिवशी जी नव्हती, तिला तिची हार्प कशाला?" तू बॅग उचललीस आणि बसथांब्यावर गेलीस. मी बसचालक माणूस, पोरीला थांब्यापर्यंत सोडायलाही गेलो नाही.

तू नव्हतीस, कारण मी तुला बोलावलं नाही. चूक माझी होती आणि ती मी तुझ्या अंगावर घातली. आईने तुझी वाट पाहिली. दोनदा विचारलं. हे तुझं होतं आणि मी ते पाच महिने स्वतःकडे ठेवलं.

अर्ज सोबत पाठवतो. जिथे खूण केली आहे तिथे सही कर.

बाबा


पेनराल्त
१० ऑक्टोबर, रविवार

मेरेरिद,

तुझं उत्तर नाही. मी ते मागतही नाही.

बुधवारी एक काम केलं, ते सांगायला हवं. हार्प दुरुस्त करणारे ते म्हातारे गृहस्थ, एइनियोन, आईची हार्प ज्यांनी एकदा मानेत, वरच्या वळणदार लाकडात, सांधून दिली होती, त्यांना बोलावलं. तीन आठवड्यांपूर्वी कागदात 'वाद्यं' हा शब्द वाचल्यापासून तो डोक्यातून जात नव्हता. म्हटलं, निदान किंमत तरी कळू दे. आपल्या घरच्या विम्यातही तिचं नाव कुठेच नाही; आहे ते सगळं 'सामान'.

त्यांनी तिच्यावरची चादर काढली. हो, मी चादर घातली होती. तारांवरून बोट फिरवलं आणि असा आवाज आला की कुत्रं उठून बाहेर गेलं.

"कधीपासून सुरात लावली नाही?"

"मेपासून."

"कोण वाजवतं?"

"कुणी नाही. जपून ठेवलीय."

त्यांनी चष्मा वर केला. "जपून? सात तारा तुटल्यात, इद्वल. खिडकीतलं ऊन आणि खालचा हीटर, दोन्हींच्या मध्ये उभी केलीस. पुढच्या वर्षी मान पुन्हा उकलेल."

"पण कुणी हातसुद्धा लावला नाही तिला."

"तेच म्हणतोय मी."

मी चहा केला. चहा पिता पिता विचारलं, समजा मान उकलली तर विम्यातून दुरुस्ती मिळेल का. ते म्हणाले, "चोरी झाली, पडली, जळली, भिजली, वाटेत आपटली, तर मिळेल. न वाजवता ठेवून खराब झाली तर कुठलीच कंपनी देत नाही. वाचून बघ." मी वाचलं. खरंच तसं आहे. मँचेस्टरच्या खोलीत जे जे होईल म्हणून मी घाबरलो होतो, त्या सगळ्याचा विमा मिळतो. माझ्या खोलीत जे होत होतं त्याचा मिळत नाही.

म्हातारबांनी दोन दिवस घेतले. तारा घातल्या, सुरात लावली, मग काहीतरी छोटंसं वाजवलं. स्वयंपाकघरात मी बशा धूत होतो. पुढे काय झालं ते लिहीत नाही. बशी फुटली नाही एवढंच.

त्यांनी किमतीचा दाखला दिला आहे, तो सोबत आहे. दाखल्यावर 'मालक' अशी जागा होती. त्यांनी विचारलं, काय लिहू? माझं नाव सांगायला तोंड उघडलं आणि तुझं सांगितलं. ते खोटं नाही. आईने ती मला कधीच दिली नव्हती. तिची म्हणून मी धरून बसलो होतो, इतकंच.

तेव्हा हार्प तुझी आहे, तू वाजवलीस तरी आणि नाही वाजवलीस तरी. पॉलिसीत ती लिहायची की नाही, आणि न्यायची की नाही, हे तू ठरव. लिहिलीस तर नावानिशी लिही, दाखला जोड, आणि घराबाहेर नेतानाचा धोकाही धर; नाहीतर गाण्याबजावण्याला नेताना ती विम्याबाहेर राहील. नाही लिहिलीस तर मी तिला खिडकीपासून लांब ठेवीन आणि दर महिन्याला म्हातारबांना बोलावीन.

इथे कुलपं बसली. काइनवेन मावशी पहिल्याच दिवशी स्वतःच्या घराबाहेर अडकली. किल्ली कुंडीखाली ठेवायची नाही असं तुदुरने तिला बजावलं होतं, म्हणून तिने ती आत टेबलावर ठेवली आणि दार ओढलं. तीन तास माझ्याकडे बसली होती आणि तुदुरला शिव्या घालत होती. "चोर कधी आला नाही या गावात," म्हणाली, "आला तर तो बिचाराही आता बाहेरच."

बाबा


मँचेस्टर, तुझ्या रस्त्यावर
२३ ऑक्टोबर, शनिवार

मेरेरिद,

मंगळवारी तुझं पाकीट आलं. आत पॉलिसीचा कागद होता, दुसरं काही नव्हतं. चौदा वस्तू, आणि पंधरावी: हार्प, मालक मेरेरिद प्रिचर्ड, घराबाहेरचा धोका धरून. विमा सुरू: शनिवार २३ ऑक्टोबर, दुपारी बारापासून. तुझ्या खोलीच्या कुलपाचा नंबरही लिहिलेला. चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उजेडात धरून पाहिलं, तरी नव्हती.

त्या तारखेचा अर्थ मी माझ्या मनाने लावला. चुकला असेल तर सांग, मी तसाच परत जाईन.

तुदुरची गाडी आणली आहे. हार्प दोन जाड गालिच्यांत गुंडाळली आहे, तिसरा त्याने स्वतःहून वर घातला आणि म्हणाला, "हा पोरीच्या खोलीत अंथर, परत आणलास तर चॅपलमध्ये तोंड दाखवू नकोस." पहाटे नव्हे, सकाळी चांगला नाश्ता करून निघालो. तरी बाराच्या आधी तुमच्या शहराच्या वेशीपाशी पोचलो, म्हणून एका पंपावर पाऊण तास थांबलो आणि बारा वाजून गेल्यावर आत शिरलो. विमा बारापासून होता.

आता सव्वा वाजलाय. तुझं घर समोर दिसतंय, निळं दार. मी पंचवीस मिनिटं इथे बसलो आहे आणि तू म्हणशील, या माणसाचे पाय का उचलत नाहीत.

सकाळी निघण्याआधी पॉलिसीच्या मागच्या अटी पुन्हा वाचल्या. सातवी अशी: वाद्य गाडीत असताना गाडी माणसाविना सोडू नये, थोड्या वेळासाठीसुद्धा, कुलूप लावूनसुद्धा नाही. तुझ्या दारापर्यंत चाळीस पावलं आहेत. मधे दोन गाड्या उभ्या, त्यामुळे तिथून ही गाडी दिसणार नाही. फोन दोनदा लावला, वाजून बंद झाला. एकटा माणूस हार्प उचलू शकत नाही, आणि हार्प सोडून दार वाजवू शकत नाही.

मघाशी एक उंच मुलगी सायकल ढकलत तुमच्या फाटकाशी आली. मी काच खाली करून हाक मारली.

"तू मेरेरिदबरोबर राहतेस का?"

"हो. तुम्ही कोण?"

"तिचा बाप."

तिने मला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "म्हणजे ते पत्रांवाले?"

मी म्हटलं, हो, तोच.

"आत या ना. ती घरीच आहे. केस धुतेय, म्हणून फोन ऐकला नसेल."

"गाडी सोडता येत नाही."

"का? इथे दंड नाही लागत शनिवारी."

मी तिला अट वाचून दाखवली. तिने सगळी ऐकून घेतली, मग म्हणाली, "काका, तुम्ही हे सगळं खरंच पाळता?"

मी म्हटलं, "उशिरा पाळायला लागलोय, बाळ."

तिने सायकल भिंतीला टेकवली, तिला नीट कुलूप घातलं आणि म्हणाली, लिहा काय लिहायचंय ते, मी नेऊन देते. म्हणून हे बॉनेटवर कागद ठेवून लिहितोय आणि ती थंडीत उभी आहे. तिचं नाव विचारायचं राहिलं.

ते मोठं पत्र तू वाचलंस की नाही, मला ठाऊक नाही. वाचून तुला काय वाटलं ते आज सांगायला हवं असं नाही. हार्पचं खालचं टोक तू धर, वरचं मी धरतो, आणि मधे जिन्यावर आपण दोघं गप्प राहिलो तरी चालेल. ती खोलीत नीट उभी राहिली की मी जाईन. किंवा तू म्हणालीस तर बसेन.

पण ओल्या केसांनी बाहेर येऊ नकोस, इथे वारा बोचरा आहे. आधी पुसून घे, डोक्याला काहीतरी गुंडाळ. घाई करू नकोस. मी गाडीपासून हलत नाही.

बाबा